जुनं व्हर्जन काढू नका, शेजारी ठेवा

प्रश्न: नमस्कार दादा, इंदूरला रामबागेत आमचं छोटंसं डीटीपीचं काम आहे, बाबांपासूनचं. लग्नामुंजीच्या पत्रिका, गणेश मंडळांच्या स्मरणिका, सगळं पेजमेकर 7 या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, विंडोज एक्सपीच्या मशीनवर. आता मुलाने नवीन कॉम्प्युटर घेऊन दिला, त्यात त्याच कामाचं लेटेस्ट इनडिझाइन आहे, पण जुनी एकही फाइल उघडत नाहीये. दुकानदार म्हणतो जुनं मशीन एक्सचेंजमध्ये द्या. देऊ का?

उत्तर: ताई, देऊ नका. तुमच्या फाइली खराब झालेल्या नाहीत आणि नवीन मशीनमध्येही काही बिघाड नाही. पेजमेकर 7 आलं 2001 मध्ये, त्यानंतर अडोबी कंपनीने सगळा जोर इनडिझाइनवर लावला, आणि इनडिझाइनच्या सीएस6 या व्हर्जनपर्यंत पेजमेकरच्या 6 आणि 7 च्या फाइली उघडायच्या, पुढचं सीसी व्हर्जन आलं तेव्हा ती सोयच काढून टाकली.

पण मला फाइलपेक्षा जास्त काळजी फॉन्टची वाटते. तुमच्या त्या फाइलींत खरं तर मराठी नाहीच आहे! जुन्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे, काना वेगळा, वेलांटी वेगळी, अर्धा श वेगळा, त्यामुळे फॉन्ट नसला की "चि. सौ. कां." च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. मी हे भोगलंय. एप्रिल 2014 मध्ये एक्सपीचा सपोर्ट संपला तेव्हा घाबरून मशीन फॉरमॅट मारलं, फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या पण फॉन्ट घ्यायचे राहिले, आणि पुढे एक काका आले, आईच्या पंचाहत्तरीला केली होती तशीच पत्रिका सहस्रचंद्रदर्शनाला हवी म्हणाले. सगळी परत टाइप केली, पण ती मूळची अक्षरं काही परत आली नाहीत, आजही वाईट वाटतं.

तेव्हा आधी फॉन्टचं फोल्डर, पेजमेकरची सीडी आणि सगळ्या फाइली दोन ठिकाणी कॉपी करा. जुन्या मशीनचं इंटरनेट काढा, एक्सपी आता नेटवर ठेवणं बरं नाही, ते फक्त जुन्या कामापुरतं राहू द्या. मुलगा जाणकार असेल तर नवीन मशीनमध्येच व्हर्च्युअलबॉक्स (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून त्यात एक्सपी आणि पेजमेकर बसवू शकेल, म्हणजे दोन्ही एकाच टेबलावर. फक्त मराठी सॉफ्टवेअरला डाँगल (जी लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ती किल्ली) असेल, त्यातून मागच्या जुन्या प्रिंटर पोर्टला लागणारा, तर त्या भरवशावर राहू नका, जुना डबाच ठेवा. नुसत्या परत छापायच्या पत्रिकांची फॉन्टसकट पीडीएफ करून ठेवा. लिब्रेऑफिसचा ड्रॉ फुकट आहे, त्यात पेजमेकरची फाइल उघडते, मांडणी मात्र थोडी हलते. नवीन काम युनिकोडमध्येच (त्यात फॉन्ट बदलला तरी मराठी मराठीच राहते) करा, आणि जुनं सगळं बदलायला बसू नका, गिऱ्हाईक मागेल तेव्हा ती एक फाइल बदला.

प्रश्न: दादा, मी इंदूरलाच कॉलेजला आहे. सरांनी दिलेला पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतला जुना कोड माझ्याकडे नुसत्या एरर देतो. जुनं व्हर्जन टाकलं तर नवीन बिघडेल का?

उत्तर: नाही बिघडणार. पायथॉन 3 डिसेंबर 2008 मध्ये आलं तेच मुद्दाम जुन्याशी न जुळणारं, म्हणून 2 आणि 3 वेगवेगळ्या फोल्डरमध्ये शेजारी शेजारी राहू शकतात, आणि विंडोजवर कोणतं चालवायचं ते लाँचरला (पायथॉन सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला) सांगता येतं. 2 चा सपोर्ट मात्र 1 जानेवारी 2020 लाच संपला, तेव्हा ते फक्त जुनं उत्तर काय येत होतं ते बघण्यापुरतं वापर. प्रिंटला कंस नाही म्हणून येणारी एरर बरी, ती दिसते तरी. भागाकार जास्त वाईट, 7 भागिले 2 केलं की जुन्यात 3 येतात आणि नवीन मध्ये साडेतीन, एरर काहीच येत नाही. सरांनी वर्गाचे गट पाडायला वगैरे भागाकार वापरला असेल तर तिथे दोन तिरक्या रेघा (//) दे, त्या दोन्हीकडे सारख्या चालतात. मग एकच डेटा दोन्ही व्हर्जनमधून काढ आणि उत्तरं शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून बघ.