पत्रा उडाला, पण कशामुळे?

पत्र : मी २८ वर्षांचा, बी.ई. सिव्हिल. नाशिकच्या सिडकोत राहतो, एका कंत्राटदाराकडे साइट सुपरवायझर आहे. मेमधल्या वादळात अंबडच्या आमच्या शेडचे पत्रे उडाले. तेव्हा नुकसान तपासून भरपाईचा अंदाज काढायला आलेल्या विमा सर्व्हेअरचं काम पाहून मलाही तेच करावंसं वाटायला लागलं. आई म्हणते, जीव धोक्यात घालून छपरावर चढायचं हे काय काम? सुरुवात कुठून करू? – एक सिडकोकर

प्रिय सिडकोकर,

आईची काळजी रास्त आहे. सिमेंटचा जुना पत्रा धड दिसतो आणि पाय पडला की फुटतो. त्यावर थेट चालायचंच नाही. फळ्या टाकायच्या, हार्नेस (अंगाला बांधायचा सुरक्षापट्टा) पक्क्या ठिकाणी अडकवायचा. लोखंडी पत्रा ओला असेल तर वाळेपर्यंत थांबायचं. बरंचसं काम तर आतून, शिडीवरून आणि शेजारच्या गच्चीवरून होतं. हे आईला नीट सांगा.

खरी कसोटी चढण्यात नाही, कारण ओळखण्यात आहे. बांधकामाच्या आराखड्यासाठीच्या भारतीय मानकात नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रतिसेकंद धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. वारा छपराला वर ओढतो आणि ही ओढ कडांना व कोपऱ्यांना सर्वांत जास्त असते. कडेचे पत्रे शाबूत आणि मधलाच एखादा गेला असेल, तर आधी स्क्रू आणि जे-हुक (पत्रा धरून ठेवणारे वाकडे हुक) तपासा. भोक लांबट फाटलंय आणि धातू चकचकीत आहे? ताजं नुकसान. भोकाभोवती गंजाचं कडं, रबरी वॉशर तडकलेला, पर्लिन (पत्र्याखालची आडवी तुळई) पोखरलेली? मग दुखणं जुनं आहे, वादळानं फक्त शेवटचा धक्का दिला. झिजेची भरपाई विमा देत नाही, त्यामुळे वाद इथेच पेटतो. छताला ओलीचे एकात एक डाग दिसले तर गळती बहुधा आधीचीच. पुराच्या पाण्याची रेघ मात्र चारही भिंतींवर मोजा; ती एका पातळीत हवी.

मालकाला ताडपत्री टाकू द्या, फक्त त्याआधी फोटो घ्या : चारही बाजू लांबून, मग जवळून, मग प्रत्येक भोक पट्टी लावून. पत्र्यांची लांबी, रुंदी, जाडी आणि संख्या लिहा. उडालेले, वाकलेले, पुन्हा बसवता येणारे असे वेगवेगळे मोजा. भंगाराची किंमत दाव्यातून वजा होते, म्हणून वजनही हवं.

हिशेबात अनेक जण अडखळतात. मालमत्ता ४० लाखांची, विमा ३० लाखांचा आणि नुकसान ४ लाखांचं असेल तर कमी विम्याच्या अटीनुसार (जितक्या प्रमाणात विमा कमी, तितकी भरपाई कमी) ३ लाखच मिळतात. घरांसाठीच्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीमध्ये ही कपात नाही. छोट्या उद्योगांसाठीच्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’मध्ये १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते. या तिन्ही पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून आहेत. त्यांचे मसुदे ओळ न् ओळ वाचून काढा.

सर्व्हेअरचा परवाना आयआरडीएआय ही विमा क्षेत्राची नियामक संस्था देते. तुमची पदवी चालते. परवानाधारक सर्व्हेअरकडे १२ महिने प्रशिक्षण, मग परीक्षा. शेडच्या कामासाठी ‘फायर’ विभाग घ्या. नाव आगीचं असलं तरी वादळ-पुराचे दावे त्यातच येतात. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांचं गारपिटीचं नुकसान पीक विम्याकडे जातं आणि तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. ती कामं निराळी.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. ज्या शेडचा सर्व्हे कराल, तिच्या दुरुस्तीचं कोटेशन तुमच्या कंत्राटदारानं देता कामा नये. अशी एक फाइल उघडकीला आली की नाव कायमचं जातं.

राजीनामा एवढ्यात नको. आधी शिकवायला तयार असलेला सर्व्हेअर गाठा, किमान वर्षभराचा घरखर्च बाजूला टाका. वळवाच्या आणि पावसाळ्याच्या दिवसांत उसंत मिळत नाही, पण दिवाळीनंतर वादळाचे दावे आटतात. तेव्हा आगीचे आणि यंत्रांचे दावे हाताशी हवेत.

अंबडचे उतरवलेले पत्रे अजून आवारात असतील तर भंगारवाला येण्याआधी जा. एकेका पत्र्यावर खडूनं क्रमांक टाका, प्रत्येक भोकापुढे ‘ताजं’ की ‘जुनं’ ते कारणासह वहीत लिहा आणि ती वही घेऊनच सर्व्हेअरना भेटा.