हॅशमॅपचा लूप: घरी क्रम नीट, क्लायंटकडे एक नोंद वर

"घरी दहा नोंदींवर लूप चालवला तर क्रम बरोबर, क्लायंटकडे शेवटची नोंद उडी मारून वर येते." तुमचं हे वाक्य वाचलं आणि इंदूरच्या रामबागेतले ते दिवस आठवले. लूप तुम्हाला लिहिता येतोच, तो बरोबरही आहे. जावातला हॅशमॅप, म्हणजे की (ओळख-क्रमांक) देऊन नोंद शोधायची रचना, क्रमाची हमीच देत नाही.

इंदूरच्या एका पतपेढीला मी जावात हप्त्यांची यादी करून दिली होती. सभासद १०१ ते ११२. नावं हॅशमॅपमधून आणि रकमा दुसऱ्या क्रमवार फाइलमधून घेतल्या आणि ओळीला ओळ जोडली. घोडचूक हीच. घरी १ ते १० क्रमांकांवर चोख चाललं. तिथे ११२ सगळ्यांत वर, त्याखाली १०१, १०२... बाराही जणांच्या नावापुढे दुसऱ्याचीच रक्कम!

नव्या हॅशमॅपला १६ कप्पे असतात. एवढ्या लहान पूर्णांकाला १६ ने भागून उरते ती बाकी म्हणजे त्याचा कप्पा. १०१ ची बाकी ५, १११ ची १५, ११२ ची शून्य. लूप शून्यापासून कप्पे चाळतो.

मी कारण शोधतोय तोवर तेरावा सभासद आला. पाऊण भागापेक्षा जास्त नोंदी झाल्या की कप्पे दुप्पट होतात. ३२ झाले आणि यादी आपोआप सरळ! तिथल्या कॉम्प्युटर विभागाने "आता बरोबर येतंय" म्हणत तक्रार बंद केली. चुकलेली यादी तीनदा मागितली, दिली नाही. मीही पाठपुरावा सोडला, त्याचा आजही राग येतो. पुढे १२८ क्रमांक आला. तोवर कप्पे ६४ झालेले, बाकी पुन्हा शून्य. या वेळी २८ पासबुकं हाताने दुरुस्त केली.

माझं मत ठाम आहे: दोन याद्या ओळीने जोडू नका, कीने जोडा. नोंदी टाकल्या त्याच क्रमाने छापायच्या असतील तर लिंक्डहॅशमॅप, क्रमांकवार हव्या तर ट्रीमॅप. थोडे संथ असतील, पण पतपेढीच्या यादीला काय फरक पडतो? कप्प्यांचा हिशेब मात्र ओपनजेडीके या नेहमीच्या जावा-संचाचा आहे, त्यावर कोड बेतू नका.

जाता जाता: लूपमध्येच नोंद काढत असाल तर रिमूव्हइफ वापरा, जावा ८ पासून आहे. थेट रिमूव्ह केलंत तर एरवी एक्सेप्शन (प्रोग्रॅम थांबवणारी चूक) येतं, पण लूपमधली शेवटची नोंद काढली तर येत नाही, त्यामुळे टेस्टमध्ये चूक सापडत नाही.

वर जाणाऱ्या नोंदीचा क्रमांक कळवा. बाकीचे ओळीने असतील, तर तो १६ च्या पटीतला निघेल.