छंदाच्या रकान्यात खरं काय ते लिहा

प्रश्न: माझा मुलगा अकरावी सायन्सला आहे. आम्ही धायरीला राहतो. गेलं वर्षभर तो गच्चीवर धातूच्या दोन नळ्यांची, इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची, स्वतः बनवलेली अँटेना लावून उपग्रहांकडून येणारी हवामानाची चित्रं लॅपटॉपवर घेतो. कॉलेजात मुलं त्याला 'अँटेना' म्हणून हाक मारतात, त्यामुळे हल्ली तो याबद्दल कुणाशी बोलतच नाही. परवा एका शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर छंदाच्या रकान्यात त्यानं 'वाचन, क्रिकेट' असं लिहिलं. क्रिकेट तो खेळतही नाही! घरातली मोठी माणसं म्हणतात, बारावी होईपर्यंत हे सगळं माळ्यावर टाका. काय करावं? – एक आई

उत्तर:

ताई, नमस्कार.

माळ्यावर काही टाकू नका. काळजी करायचीच तर त्या फॉर्मची करा. ज्या विषयावर तो अर्धा तास न अडखळता बोलू शकतो, तो त्यानं झाकला आणि ज्यावर दोन वाक्यंही धड बोलता येणार नाहीत ते लिहिलं. मुलाखतीत कुणी क्रिकेटवर एक प्रश्न विचारला की तो अडकणार. फॉर्म अजून दिला नसेल तर दुरुस्त करून घ्या.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते, म्हणजे नंतर निराशा नको. एमएचटी-सीईटी किंवा जेईईच्या गुणांत छंदाचा एकही गुण धरला जात नाही. पुण्यातल्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेत असो वा पीआयसीटी कॉलेजात, प्रवेश क्रमांकावरच होतो. छंदाचा उपयोग सुरू होतो तो प्रवेशानंतर. सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला 'स्वयम्' हा एक किलोहूनही हलका उपग्रह 22 जून 2016 रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी34 या रॉकेटमधून श्रीहरिकोट्याहून गेला. हौशी रेडिओच्या, म्हणजे छंद म्हणून रेडिओवरून संदेश देणाऱ्या-घेणाऱ्यांसाठी राखलेल्या, लहरींवरून संदेश घेऊन पुढे पोचवणं हे त्याचं काम होतं. अशा विद्यार्थी गटांत मुलं निवडताना, इंटर्नशिप देताना किंवा नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत 'तू स्वतः काय केलंस?' हे विचारतातच. तिथे तुमच्या मुलाकडे उत्तर आहे. ते मांडायची सवय मात्र त्याला आत्तापासून लागायला हवी.

पुढचं त्याला वाचायला द्या.

मित्रा, तुझा छंद एका वाक्यात कसा सांगायचा ते आधी ठरव. 'सॅटेलाइटमध्ये इंटरेस्ट आहे' असं म्हटलंस तर ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी असं लिही: '137 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात रशियाच्या मेटिओर उपग्रहांची हवामानाची चित्रं घेतो, अँटेना स्वतः बनवली आहे, उपग्रह डोक्यावरून गेल्याच्या इतक्या फेऱ्यांची नोंद, त्यांपैकी इतकी चित्रं पूर्ण.' आकडे तुझ्या वहीतले खरे घाल. वही नसेल तर आजच घाल. तारीख, उपग्रह, फेरीची सुरुवात आणि शेवट, उपग्रह आकाशात जास्तीत जास्त किती अंशांवर आला, अँटेना कुठे होती, चित्र कसं आलं, आणि बिघडलं असेल तर तुझ्या अंदाजानं का, एवढे रकाने पुरे. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा. फसलेल्या दहा फेऱ्यांची कारणं ज्याला सांगता येतात, त्याचं काम जाणकार माणूस लगेच ओळखतो.

मग प्रश्न येतील, आणि ते तुझ्या अँटेनापासूनच येतील. प्रत्येक दांडी 53.4 सेंटिमीटरचीच का? 137.5 मेगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण 2.18 मीटर, तिचा चौथा भाग साडेचोपन्न सेंटिमीटर, आणि धातूच्या दांडीत टोकांच्या परिणामामुळे लांबी थोडी कमी ठेवावी लागते. दोन दांड्यांत 120 अंशांचा कोन का? सरळ द्विध्रुवाचा, म्हणजे एका रेषेत ठेवलेल्या दोन दांड्यांच्या अँटेनाचा, रोध (इम्पिडन्स) 73 ओहमच्या आसपास असतो, वाकवल्यावर तो 50 ओहमच्या केबलजवळ येतो. आणि 'व्ही' आडवी का ठेवायची? वरच्या आकाशातून येणारं नीट पकडता यावं आणि जमिनीवरून येणाऱ्या उभ्या ध्रुवणाच्या, म्हणजे वर-खाली कंप पावणाऱ्या, लहरी दबाव्यात म्हणून. नळ्या तू कापल्यास, मग ही उत्तरंही तुझ्या तोंडी हवीत. व्हिडिओ बघून केलं असलं तरी हरकत नाही, पण कारण माहीत नसेल तर ते अजून तुझं झालेलं नाही.

डॉप्लर परिणामाचंही तसंच. उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या जवळपास वेगानं जातो. त्यामुळे तो वर येताना कंप्रता सुमारे तीन किलोहर्ट्झनं वाढलेली दिसते आणि मावळताना तेवढीच घटलेली. स्क्रीनवरची सिग्नलची ती तिरकी होत गेलेली रेघ वहीत काढ आणि शेजारी गणित मांड. भौतिकशास्त्राच्या सरांना ते पान दाखव. वर्गासमोर भाषण करण्यापेक्षा हे सोपं आहे, आणि 'अँटेना' या हाकेचा सूर बदलायलाही बहुतेक वेळा एका सरांचं कौतुक पुरतं.

चित्र येत नसेल तर स्वतःला दोष देण्याआधी तीन गोष्टी तपास. पहिली, तू पाहिलेला व्हिडिओ जुना आहे का? नोआ-15, 18 आणि 19 हे अमेरिकेचे तिन्ही हवामान उपग्रह 2025 मध्ये बंद केले गेले. जुन्या व्हिडिओंप्रमाणे त्यांची वाट बघत बसलेल्या मुलांना नुसती खरखर ऐकू येते आणि आपलंच चुकलं असं वाटतं. दुसरी, एफएम रेडिओ. 88 ते 108 मेगाहर्ट्झचे जोरदार सिग्नल डोंगलच्या, म्हणजे लॅपटॉपला लावलेल्या छोट्या रेडिओ रिसीव्हरच्या, सुरुवातीच्या भागाला बधिर करतात. गेन (सिग्नल किती वाढवायचा ते प्रमाण) पायरीपायरीनं कमी करून बघ, तरी जमलं नाही तर एफएम अडवणारा फिल्टर लाव. तिसरी, घरातलाच गोंगाट. लॅपटॉपचा चार्जर आणि स्वस्त एलईडी दिवे याच पट्ट्यात घाण करतात. फेरी जेमतेम दहा-पंधरा मिनिटांची असते, तेवढा वेळ लॅपटॉप बॅटरीवर चालव. केबल, कनेक्टर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतील. केबल लागेल तेवढीच घे, जास्तीच्या प्रत्येक मीटरमागे सिग्नल उतरतो.

आणि वळवाचं आभाळ भरून आलं की अँटेना उतरवायची, केबल डोंगलपासून काढायची. विजेच्या तारांजवळ किंवा कठड्याच्या बाहेर नळी कधीच न्यायची नाही. यात सूट नाही.

ताई, वेळेचं म्हणाल तर फेऱ्यांना फार वेळ जात नाही. वेळ जातो तो व्हिडिओ बघण्यात आणि पुढचं कोणतं डोंगल घ्यायचं याच्या शोधात. वहीत 'किती वेळ गेला' हा रकानाही घालायला सांगा, दोन आठवड्यांत त्याचं त्यालाच दिसेल. बारावीत आठवड्याला तीन तास, तेही शक्यतो रविवारी, एवढं ठरवा आणि परीक्षेच्या आधीचे दोन महिने फक्त वही जपून ठेवा. छंद चांगल्या गुणांचं बक्षीस म्हणून देऊ नका आणि कमी गुणांची शिक्षा म्हणून काढूनही घेऊ नका. एकदा ते सुरू झालं की मूल छंद लपवायला शिकतं.

या अकरावीच्या सुट्टीत करण्याजोगी एकच मोठी गोष्ट सुचवते: हौशी रेडिओचा परवाना. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा त्याची परीक्षा घेते. रेडिओची तत्त्वं आणि नियम असे दोन भाग असतात. बारा वर्षांपुढच्या मुलांना बसता येतं आणि परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स संकेतलिपी लागत नाही. परवान्याशिवाय रेडिओवरून काहीही प्रक्षेपित करायचं नाही, हे त्याला नक्की सांगा. परवान्याबरोबर स्वतःचं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवर ओळख सांगायचं अक्षर-आकड्यांचं नाव, मिळतं. ज्या मुलाला टोपणनावानं चिडवलं जातं, त्याला सरकारनं दिलेलं असं नाव मिळणं किती जवळचं वाटेल, ते तुम्हीच बघाल.

पुढे शिकायला ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार अभियांत्रिकी) आहे, भौतिकशास्त्राची पदवी आहे, जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधून तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अंतराळ विज्ञान संस्थेत एव्हिऑनिक्स (विमान-अवकाशयानांचं इलेक्ट्रॉनिक्स) आहे. ओढा यंत्रापेक्षा ढगांकडे असेल तर पाषाणला आयआयटीएम ही संस्था आहे, उष्णकटिबंधीय हवामानाच्या संशोधनासाठी. तो चित्र आल्यावर आधी काय करतो ते नीट बघा: सिग्नलचा आलेख उघडतो की सह्याद्रीवरचे ढग शोधतो? निर्णय आत्ता नको, पण हे लक्षात ठेवा.

येत्या 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या सुमारास, त्याला खोडदला घेऊन जा. नारायणगावजवळ, पुण्यापासून साधारण 80 किलोमीटरवर जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत, आणि त्या दिवसांत लोकांना आत जाऊन बघता येतं, शाळा-कॉलेजच्या मुलांचे प्रयोगही मांडलेले असतात. निघण्याआधी त्या वर्षीच्या तारखा बघून घ्या. जाताना त्याची वही आणि पट्टे पडून फसलेलं एक चित्र छापून बरोबर घ्या. तिथल्या अभियंत्यापुढे ते धरून 'हे पट्टे कशामुळे आले असतील?' एवढंच त्यानं विचारायचं. तुम्ही दोन पावलं मागे उभ्या राहा.