वाचक विचारतात : गोष्ट पुढे का सरकत नाही?

प्रश्न : भाचीच्या आग्रहावरून डोडी स्मिथ यांची ‘आय कॅप्चर द कासल’ हातात घेतली. पडका किल्ला, तऱ्हेवाईक कुटुंब, सगळं गमतीचं आहे. पण गाडी हलतच नाही. थोरल्या बहिणीचं लग्न कुणाशी होतं, तेवढ्यासाठी नेटानं वाचू का?

उत्तर : तेवढ्यासाठी असेल तर नका वाचू. कुणाचं कुणाशी जमतं, हा या कादंबरीतला मला सगळ्यात कमी आवडलेला भाग.

मजा आहे ती गोष्ट सांगणाऱ्या धाकट्या बहिणीच्या, सतरा वर्षांच्या कसांड्राच्या वहीत. पहिल्याच पानावर ती स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये पाय सोडून लिहीत बसलीय. खाली कुत्र्याचं पांघरूण आणि चहाच्या किटलीची टोपी, कारण दिवसाचा शेवटचा उजेड तेवढा तिथंच उरलाय. घराची सगळी दशा त्या एका बैठकीत कळते. पुढे जुने कपडे हिरवे रंगवायचा घाट घातला जातो आणि नेमके अमेरिकी पाहुणे दारात येतात तेव्हा बाईसाहेब हिरव्या हातांनी टबात! ही पानं भराभर उलटू नका.

वडिलांकडे मात्र जरा नीट बघा. एक गाजलेलं पुस्तक लिहून हा माणूस वर्षानुवर्षं गप्प बसलाय. केक कापायची सुरी बायकोवर उगारल्याचा गवगवा होऊन तुरुंगातही जाऊन आलाय. कसांड्रा हे हसत हसत सांगते, आपणही हसतो. पण घरातलं सामान विकून खायची पाळी त्याच्यामुळेच आलीय, आणि हे तिला हळूहळू उमगत जातं. मोठं होणं म्हणतात ते मला इथं दिसलं, प्रेमप्रकरणात नव्हे. शेवटाकडे ती आणि धाकटा भाऊ मिळून वडिलांवर जो इलाज करतात, तो इथं फोडत नाही. त्या प्रसंगापर्यंत तरी जाच.

संथपणाचं म्हणाल, तर स्मिथबाईंनी हे लिहिलं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, कॅलिफोर्नियात राहून, इंग्लंडच्या आठवणीनं व्याकूळ होऊन. पुस्तक आलं 1948 मध्ये. इंग्लंडातल्या सफोक परगण्यातला पाऊस, खंदक, बुरूज यांच्यापाशी त्या रेंगाळतात त्या उगीच नाही.

कादंबरी सहा पेन्सची, एक शिलिंगाची आणि दोन गिनींची (ही जुनी इंग्लिश नाणी) अशा चढत्या किमतीच्या तीन वह्यांत विभागलेली आहे. दुसरी वही संपेपर्यंत कसांड्राशी गट्टी जमली नाही, तर खुशाल पुस्तक परत करा. भाचीला मी समजावीन.