वाचकांचे प्रश्न : चोर्ला उतरताना गाडी कोणत्या मोडवर?

प्रश्न : नवी पेट्रोल ऑटोमॅटिक गाडी आहे. इको, नॉर्मल आणि स्पोर्ट असे तीन मोड आहेत. जांबोटी-कणकुंबीमार्गे गोव्याला नेहमी जाणं होतं. मागच्या खेपेला इकोवर चोर्ला घाट उतरलो. गाडी सारखी पुढे ओढत होती आणि खाली पोचेपर्यंत ब्रेकचा जळका वास सुटला. मोड चुकला का? (वाचक, खानापूर)

उत्तर : मोडपेक्षा गियर चुकला. मोड बदलला म्हणून इंजिन किंवा ब्रेक बदलत नाहीत. बदलतो तो तुमच्या पायाच्या दाबाचा अर्थ. ॲक्सिलरेटरचं पेडल तेवढंच दाबलं तरी इकोमध्ये इंजिन कमी हवा-इंधन घेतं आणि स्पोर्टमध्ये जास्त. शिवाय इको लवकर वरचा गियर टाकतो, स्पोर्ट खालचाच धरून ठेवतो. मोकळ्या सरळ रस्त्यावर पाय अजिबात न हलवता इकोवरून स्पोर्टवर या. आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा वर उडी मारतो, फरक तिथेच दिसतो. पेडल तळापर्यंत दाबलं तर बहुतेक गाड्या इकोमध्येही पूर्ण ताकद देतात. त्यामुळे ओव्हरटेक करताना गाडी अडेल ही भीती नको.

आता उतार. इकोमध्ये गिअरबॉक्स पाचवा-सहावा टाकून बसतो, इंजिन गाडीला धरत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. उतार सुरू होण्याआधीच लिव्हर एम वर, म्हणजे हाताने गियर बदलायच्या जागी, घ्या आणि तिसरा गियर टाका. एम नसेल तर एल (खालचा गियर) वर घ्या. पेडलवरून पाय काढल्यावर गाडी 35-40 च्या वेगाला धरून राहिली, तर गियर बरोबर आहे. तरीही वेग वाढत असेल तर दुसरा टाका. इंजिनाचा आवाज वाढला म्हणून घाबरू नका, लाल पट्टीच्या खाली त्याला काही होत नाही.

ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. दोन-तीन सेकंद नीट दाबून वेग दहाने खाली आणा आणि पूर्ण सोडून द्या. मधल्या वेळात डिस्कला वारा लागतो. सतत घासलेल्या ब्रेकची उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. डॉट 4 ऑइल नवं असताना 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतली ओल शोषतं आणि ओल धरलेलं ऑइल 155 च्या आसपासही उकळू शकतं. मग नळीत वाफ होते आणि ब्रेकचं पेडल पोकळ लागतं. आपल्याकडच्या पावसात हे ऑइल दर दोन वर्षांनी बदलाच. वास आलाच तर बाजूला थांबा, डिस्कवर पाणी ओतू नका. तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक न ओढता लिव्हर पी वर ठेवून चाकाला दगड लावा.

न्यूट्रलवर उतरण्याची सवय आपल्या भागात अजून दिसते. ती कृपया सोडा. गियरमध्ये पाय काढला की इंजेक्टर बंद होतात आणि इंधन शून्य जातं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं.

चढताना स्पोर्ट चांगला, कारण गिअरबॉक्स दर वळणाला वर-खाली करत नाही. पण पावसात, धुक्यात तो काढा. ओल्या वळणावर पेडलची तिखट दाद घातक ठरते. इकोही अनेक गाड्यांत एसी मंद करतो, मग जांबोटीच्या पुढे काचेवर वाफ धरते आणि हटत नाही. अशा वेळी नॉर्मलच बरा.

प्रश्न : गाडीला स्नो, मड, सँड असे मोड आहेत. तरी शेतातल्या पाणंदीत गाडी रुतली. मग उपयोग काय? (वाचक, जांबोटी)

उत्तर : तुमची गाडी दोन चाकांवर ओढणारी असेल तर मोड लावून मागची चाकं ओढू लागत नाहीत. मोड फक्त चाक किती फिरू द्यायचं ते ठरवतो. खानापूरकडच्या तांबड्या मातीत खाली जांभा टणक आणि वर बोटभर राडा असतो. तिथे नाव विचित्र वाटलं तरी स्नो लावा. तो चाक घसरू न देता अलगद निघतो. बेळगावच्या पूर्वेकडची काळी माती टायरच्या खाचा भरून टाकते. तिथे मड हवा, कारण चाक थोडं जोरात फिरलं तरच चिखल झटकला जातो.

चाक जागीच फिरायला लागलं की पाय काढा, नाहीतर गाडी पोटावर बसते. आपल्याच चाकोरीतून मागे घेऊन बघा. पेडल दाबूनही इंजिन जोर देत नसेल तर ट्रॅक्शन कंट्रोल बटणाने बंद करा, कारण चाक फिरतंय म्हणून तोच ताकद कापतो. बाहेर आल्यावर लगेच चालू करा. टायरची हवा 33 वरून 23-24 वर आणली तर पकड वाढते, पण डांबरीवर आल्यावर पंपापर्यंत सावकाश जा.

फोर बाय फोरवाल्यांसाठी एक गोष्ट. लिव्हरने किंवा बटणाने जोडायची पद्धत असेल, तर कोरड्या डांबरीवर ती लावू नका. वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, ताण शाफ्टवर येतो.

प्रश्न : निपाणी-बेळगाव रोज जातो. इकोने ॲव्हरेज किती वाढेल? (वाचक, निपाणी)

उत्तर : हायवेवर फारसं नाही. सारख्या वेगात तिन्ही मोड बहुधा वरचाच गियर धरतात. वेग बघा. 80 वरून 100 वर गेलं की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. इकोचा खरा फायदा गणपत गल्लीसारख्या गर्दीत. तवंदी आणि वंटमुरीच्या चढाला मात्र नॉर्मल ठेवा.

प्रश्न : इलेक्ट्रिक गाडीत घाट उतरताना रीजन (पाय काढल्यावर मोटरने गाडी आवरून वीज बॅटरीत परत घेणं) किती ठेवू? (वाचक, बेळगाव)

उत्तर : सगळ्यात वरचा. 1500 किलोची गाडी 600 मीटर उंचीवरून खाली उतरली तर हिशेबाने साधारण अडीच युनिट ऊर्जा सुटते. टायर आणि हवेत काही जाते, उरलेल्यातली बरीचशी बॅटरीत परत येते. पण बॅटरी भरलेली असेल तर ती घेत नाही, रीजन कमी होतो आणि गाडी अचानक मोकळी सुटल्यासारखी वाटते. बेळगावहून निघाल्यास घाटापर्यंत जागा झालेली असते. घाटमाथ्यावरच्या कणकुंबीला मुक्काम करून तिथेच चार्ज करणार असाल तर 85 टक्क्यांवर थांबवा.