‘सरकारमान्य’ गुप्तहेराचा परवाना कुठे तपासायचा?

प्रश्न : मुलीसाठी सांगून आलेले एक स्थळ आम्हांला पसंत आहे. मात्र मुलगा दुसऱ्या शहरात नोकरी करतो आणि त्याच्या आधीच्या साखरपुड्याबद्दल काहीबाही कानावर आल्याने खासगी गुप्तहेराकडून चौकशी करून घ्यावी, असे घरात ठरले. ज्या एजन्सीत गेलो, तिच्या पाटीवर ‘सरकारमान्य परवानाधारक’ असे लिहिले आहे. परवाना क्रमांक विचारला, तेव्हा त्यांनी २७ या आकड्याने सुरू होणारा, अंक आणि इंग्रजी अक्षरे मिळून पंधरा स्थानांचा क्रमांक लिहून दिला आणि भिंतीवर चौकटीत लावलेली प्रमाणपत्रे दाखवली. जादा पैसे दिल्यास मुलाच्या मोबाइलचे कॉल रेकॉर्डही काढून देऊ, असे ते म्हणाले. हा परवाना खरा आहे की नाही, याची खात्री कुठे करावी?
— एक वाचक

उत्तर : तुम्हांला लिहून दिलेला क्रमांक परवान्याचा नसून बहुधा जीएसटी नोंदणीचा आहे. त्या क्रमांकाची रचनाच तशी असते : पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्रासाठी २७), पुढची दहा स्थाने पॅनची आणि उरलेली तीन नोंदणीच्या तपशिलाची. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकून पाहिलात, तर नोंदणी कोणाच्या नावावर आहे, ती कधीपासूनची आहे आणि आजही चालू आहे की रद्द झाली आहे, एवढे कळेल. ही माहिती उपयोगाची आहेच. पण ती व्यक्ती कर भरण्यासाठी नोंदलेली आहे, यापलीकडे त्यातून काहीही सिद्ध होत नाही.

मूळ मुद्दा असा की, भारतात खासगी गुप्तहेराच्या व्यवसायासाठी स्वतंत्र परवाना देणारा केंद्रीय कायदाच आजवर झालेला नाही. खासगी गुप्तहेर संस्थांचे नियमन करणारे विधेयक २००७ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, संसदेच्या स्थायी समितीकडेही गेले. परंतु त्याचा कायदा झाला नाही आणि पुढे ते मागे घेण्यात आले. त्यामुळे ‘परवानाधारक गुप्तहेर’ ही पाटी पाहून निर्धास्त होण्याऐवजी, हा परवाना कोणत्या कायद्याखाली, कोणत्या अधिकाऱ्याने आणि कोणत्या कामासाठी दिला आहे, असे तीन प्रश्न लेखी विचारावेत. प्रामाणिक व्यावसायिक, असा परवाना आपल्याकडे नसतोच, हे स्वतःहून सांगतो, आणि आमच्या मते तीच त्याच्याविषयीची पहिली चांगली खूण आहे.

भिंतीवरच्या चौकटींत बहुतेक ठिकाणी हीच कागदपत्रे आढळतात. गुमास्ता म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद; ती किराणा दुकानालाही लागते आणि गुप्तहेराच्या कार्यालयालाही. उद्यम नोंदणी ही उद्योजकाने स्वतः दिलेल्या माहितीवर मिळते. व्यावसायिक संघटनेचे सदस्यत्व चांगले असले, तरी संघटना म्हणजे सरकार नव्हे. सर्वांत फसवे ठरू शकते ते खासगी सुरक्षा संस्था (नियमन) अधिनियम, २००५ खालचे प्रमाणपत्र, कारण ते खरोखरच राज्य सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने दिलेले असते आणि त्यावर ‘परवाना’ हाच शब्द असतो. तो परवाना सुरक्षारक्षक पुरवण्यासाठी आहे. एखाद्याच्या खासगी आयुष्याची चौकशी करण्याचा अधिकार त्याने मिळत नाही. एकच संस्था दोन्ही व्यवसाय करत असेल, तर एकाचा कागद दुसऱ्यासाठी पुढे करणे सोपे जाते.

एजन्सी कंपनी म्हणून नोंदलेली असेल, तर तिचा एकवीस स्थानांचा नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पडताळा. त्या क्रमांकातच कंपनीच्या स्थापनेचे वर्ष चार अंकांत दिलेले असते. ‘पंचवीस वर्षांची परंपरा’ सांगणाऱ्या कंपनीच्या क्रमांकात २०२१ दिसले, तर खुलासा मागावा. आधी एकट्याच्या नावावर चालणारा व्यवसाय पुढे कंपनीत बदलला, असे होऊ शकते. मात्र त्याची जुनी कागदपत्रे दाखवता आली पाहिजेत. पैसे ज्या खात्यात भरायला सांगतात त्या खात्याचे नाव, पावतीवरचे नाव आणि करारपत्रावरचे नाव एकच आहे का, हेही पाहा. आगाऊ रक्कम एखाद्याच्या वैयक्तिक खात्यात मागितली जात असेल, तर तिथेच थांबावे.

करारपत्रात नेमके काय शोधायचे, कोणत्या मार्गाने शोधायचे, किती दिवसांत अहवाल द्यायचा आणि मिळालेली माहिती तिसऱ्या कोणाला न देता काम संपल्यावर नष्ट करायची, हे सारे लिहिलेले असावे. प्रत्यक्ष चौकशीला कोण जाणार, हेही विचारून घ्यावे, कारण कार्यालयात बोलणारी व्यक्ती एक आणि काम बाहेरच्या माणसाकडे सोपवलेले, असे घडू शकते.

आता तुमच्या पत्रातील आम्हांला सर्वांत गंभीर वाटलेली गोष्ट. कॉल रेकॉर्ड काढून देण्याचा प्रस्ताव ऐकल्यावर खरे तर परवान्याची चौकशी करण्याचे कारणच उरत नाही. अशा नोंदी तपास यंत्रणांना आणि न्यायालयालाच कायदेशीर मार्गाने मागवता येतात. खासगी व्यक्तीच्या हाती त्या येतात, त्या चोरवाटेनेच. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी कॉल रेकॉर्ड बेकायदा मिळवून विकल्याच्या प्रकरणात काही खासगी गुप्तहेरांना अटक केली होती. असे काम पैसे देऊन करवून घेणारा ग्राहकही चौकशीच्या फेऱ्यात सापडू शकतो, आणि लग्न ठरले तर ही गोष्ट सोयऱ्यांच्या कानावर कधी ना कधी जाईल, ते वेगळेच. नोकरी, शिक्षण, पत्ता, शेजारपाजार आणि न्यायालयांच्या उघड नोंदी यांतून रीतसर मिळणारी माहिती तुमच्या प्रश्नासाठी बहुधा पुरेशी ठरेल. आधी मोडलेल्या साखरपुड्याबद्दल तर मध्यस्थाकरवी मुलाच्या घरी थेट विचारणे अनुचित नाही.

प्रश्न : माझा भाऊ अमेरिकेत कॅलिफोर्नियात राहतो. त्याला तिथे गुप्तहेर नेमायचा आहे. तिथेही अशीच स्थिती आहे का?
— एक वाचक

उत्तर : नाही. अमेरिकेत हा विषय राज्यांकडे आहे आणि कॅलिफोर्नियात गुप्तहेराला परवाना घ्यावाच लागतो. तो देणाऱ्या राज्य खात्याच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक टाकून कोणालाही तो तपासता येतो. (ब्रिटनमध्ये मात्र २००१ च्या कायद्यात तरतूद असूनही गुप्तहेरांसाठी परवाना पद्धत सुरू झालेली नाही, म्हणून एका देशाचा नियम दुसऱ्याला लावू नये.) भावाने एजन्सीने पाठवलेल्या छायाचित्रावर न विसंबता स्वतः संकेतस्थळावर शोधावे, आणि परवान्याची मुदत संपली आहे का, तो निलंबित आहे का आणि परवान्यावरचे नाव करारावरच्या नावाशी जुळते का, या तिन्ही गोष्टी सही करण्याच्या दिवशीच पाहाव्यात. काम दुसऱ्या राज्यात जाणार असेल, तर तिथला परवाना वेगळा लागू शकतो, हे एजन्सीला आधीच विचारून ठेवावे.