जुन्या हबवर जास्त गेअर बसतील का?

प्रश्न : नमस्कार दादा. माझ्याकडे जुनी अठरा गेअरची सायकल आहे, फ्रेम लोखंडी, पुढं तीन चक्र्या मागं सहा. रोज अशोक चौकातून अक्कलकोट रोड एमआयडीसीला जातो, येताना कॅरिअरवर चादरींचा गठ्ठा असतोच. दोन वर्षांत मागचा एक्सल तीनदा वाकला. आणि कोजागिरीला तुळजापूरला सायकलनं जातो तर घाटात दरवेळी उतरून ढकलायची वेळ येते. पुढची सगळ्यात छोटी चक्री २८ दातांची, मागची सगळ्यात मोठीपण २८चीच. मित्र म्हणतो मागं आठ गेअरची कॅसेट (मागच्या चक्र्यांचा संच) टाक, एक दुकानदार म्हणतो हबच (चाकाचा मधला भाग, ज्यातून एक्सल जातो) बदला, दुसरा म्हणतो जमणार नाही नवी सायकल घ्या. मागच्या चिमट्याच्या (फ्रेमच्या चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या) आतून मोजलं तर १२६ मिमी भरतंय. काय करू?
(वाचक, अशोक चौक)

उत्तर : नवी सायकल अजिबात घेऊ नका. लोखंडी फ्रेम आहे म्हणजे अर्धं काम झालंच. आणि मोजमाप घेऊन विचारलंत हे फार बरं केलंत, कारण बाकी सगळं त्या १२६ वरच ठरणार आहे.

पण तुमच्या पत्रात दोन वेगळी दुखणी आहेत, घाट वेगळा आणि एक्सल वेगळा. घाटाला गेअर किती आहेत याच्याशी काही देणंघेणं नसतं, पुढची सगळ्यात छोटी चक्री आणि मागची सगळ्यात मोठी चक्री एवढंच बघायचं. तुमचं सध्या २८ ला २८, म्हणजे पॅडलचा एक फेरा तर चाकाचा एक फेरा. आता मित्र सांगतोय ती आठची कॅसेट बहुतेक ११-३२ ची (छोटी चक्री ११ दातांची, मोठी ३२ ची) मिळेल, तिच्यावर हिशोब येतो २८ ला ३२, म्हणजे चाकाच्या ०.८७५ फेऱ्याचा. आणि सात गेअरचं साधं चुडीवालं फ्रीव्हील (चक्र्या आणि रॅचेट एकत्र असलेला, हबवर फिरवून बसवायचा जुना प्रकार) १४-३४ चं मिळतं, ते तुमच्या आहे त्याच हबवर फिरवून बसतं, त्याच्यावर येतो ०.८२. म्हणजे घाटात आठवाल्या कॅसेटपेक्षा सातवालं फ्रीव्हील हलकं जाईल, आत्तापेक्षा जवळजवळ अठरा टक्के हलकं! फक्त मागचा डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) ३४ दात घेणारा हवा आणि चेन थोडी लांब लागेल. गेअरचा खटका क्लिक-क्लिक करणारा असेल तर तोही सातचा घ्यावा लागेल, बिनक्लिकचा जुना असेल तर आहे तोच चालतो. सहा, सात आणि आठ गेअरला चेन एकाच जातीची चालते. नुसता घाटाचाच प्रश्न असता तर मी इथंच थांबलो असतो.

पण एक्सल तीनदा वाकला म्हणताय आणि रोज गठ्ठा आहे, तिथं फ्रीव्हील बदलून काही होणार नाही, उलट सातवाल्यानं थोडं वाईटच होईल. कारण सांगतो. चुडीच्या हबमध्ये उजव्या बाजूचे छर्रे हबच्या आत, फ्रीव्हीलच्या अलीकडे असतात. तिथून चिमट्यापर्यंतचा एक्सल सगळ्या चक्र्यांच्या रुंदीएवढा नुसता अधांतरी असतो, खाली आधारच नाही. त्यावर तुमचं वजन, गठ्ठा आणि आपल्या रस्त्यावरचे खड्डे. एक्सल वाकणार नाही तर काय होणार? दरवेळी नवा टाकला तरी तो त्याच जागी वाकतो. कॅसेटच्या हबमध्ये रॅचेट (एका दिशेला मोकळं फिरणारा, टिक-टिक करणारा भाग) हबलाच जोडलेलं असतं आणि उजवे छर्रे त्याच्या पार बाहेरच्या टोकाला, चिमट्याच्या जवळ बसतात, म्हणून अधांतरी भाग अगदी थोडा उरतो. तुमच्यासाठी कॅसेट हब घ्यायचं खरं कारण हे आहे, आठ गेअर हे वरचं दान समजा.

आता १२६ चं. आठ, नऊ, दहा गेअरचे रोड हब १३० मिमीचे असतात, एमटीबीचे (माउंटन बाइकचे) १३५ चे. तुम्ही १३० चा घ्या. चार मिमीचा फरक म्हणजे बाजूला दोन-दोन मिमी, लोखंडी चिमटा तेवढा हातानं फाकवूनही चाक बसतं, पण रोज पंक्चरच्या वेळी झटापट नको म्हणून एकदाच नीट फाकवून घ्या. लांब चुडीचा रॉड, दोन नट आणि जाड वायसर आतून लावून हळूहळू फाकवायचं, लोखंड परत मागं येतं म्हणून १३० च्या थोडं पुढं नेऊन सोडायचं आणि परत मोजायचं. मग हँडलच्या नळीपासून दोरा मागच्या दोन्ही टोकांना वळसा घालून परत आणायचा आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर सारखं आहे का बघायचं. नसेल तर एकच बाजू जास्त वाकलीय. हे फक्त लोखंडी फ्रेमवर बरं का, अ‍ॅल्युमिनिअमवर कोणी करायला निघाला तर त्याचा हात धरा, चीर जाईल. आधी चुंबक लावून खात्री करून घ्या.

हब घेताना रीमची भोकं मोजा, जुन्या रीमला बहुतेक ३६ असतात, मग हबही ३६ चाच. स्पोक जुने बसतील असं धरून चालू नका, लांबी नवीन हबवरून काढावी लागते. मागच्या चक्र्या ११-३२ च्या पण मिळतात आणि ११-३४ च्या पण, तुम्ही ३४ वाली शोधा, घाटाचंही काम होईल. सोबत आठचा खटका लागेल, मागचा डिरेलर शिमानोचा सहा-सातचा असेल तर बहुतेक तोच चालतो, फक्त वर सांगितलं तसं ३४ दात घेतोय का ते बघा.

आणि एक गोष्ट मेकॅनिकला बजावून सांगा : जुनं चाक सोडताना आधी फ्रीव्हील काढायचं, मग स्पोक. रोज पॅडल मारून मारून फ्रीव्हील चुडीवर इतकं घट्ट बसतं की रीमचा जोर असल्याशिवाय ते सुटत नाही, स्पोक कापून नुसता हब हातात राहिला की संपलं. माझा एक चांगला हब असाच वाया गेला, वर छिन्नी-हातोडीनं फ्रीव्हीलचे दातही तुटले. त्या फ्रीव्हीलचा खाचांचा पाना मिळतो, तो बाकावरच्या वाईसमध्ये पकडून चाकच हँडलसारखं उलट्या दिशेनं फिरवायचं.

प्रश्न : माझ्या जुन्या रोड सायकलला सात गेअरची कॅसेट आहे, हब शिमानोचा चांगला आहे. फक्त त्याच्यावर आठ-नऊ गेअर नाही का बसत? चाक नवीन बांधायचं नाहीये.
(वाचक, विजापूर रोड)

उत्तर : बसतात की, आणि चाक न सोडता! सातची कॅसेट ज्या रॅचेटवर बसते त्याला फ्रीहब बॉडी म्हणतात, ती आठ-नऊ-दहाच्या बॉडीपेक्षा साडेचार मिमी आखूड असते. एक्सल बाहेर काढला की आत पोकळ बोल्ट दिसेल, १० मिमीच्या अ‍ॅलन-कीनं तो सोडला की बॉडी निघते. तिच्या जागी तुमच्याच हबच्या मॉडेलला बसणारी लांब बॉडी टाकायची, सगळ्या बॉडी सगळ्या हबला बसत नाहीत. मग हब १२६ चा साधारण १३० चा होतो (म्हणजे फ्रेमचा चिमटाही वर सांगितल्यासारखा फाकवावा लागेल, तोही लोखंडी असेल तरच), एक्सल लांब लागू शकतो आणि चाक मधोमध आणायला उजवे स्पोक कसून डावे ढिले करावे लागतात, आऊट काढणारा (वाकडं फिरणारं चाक सरळ करणारा) कोणीही चांगला माणूस अर्ध्या तासात करेल.

एवढंही नको असेल तर नऊची कॅसेट आणा, तिच्यातल्या सुट्ट्या छोट्या चक्र्यांतली एक आणि तिचा स्पेसर (दोन चक्र्यांमधली कडी) काढून ठेवा, उरलेल्या आठ तुमच्या सातच्या बॉडीवर बरोबर बसतात, कारण नऊच्या चक्र्या जवळजवळ असतात. मात्र चेन आणि खटका नऊचाच लागेल, आणि डिरेलरचे दोन्ही स्टॉपचे स्क्रू नव्यानं लावून घ्यायला विसरू नका, नाहीतर चेन स्पोकमध्ये जाईल.